फुंकावे की रक्त द्यावे?

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले गाव. एका अंगाला किल्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखली जाणारी जुनी वस्ती आणि मधून अहोरात्र धावणारी वाहने. दोंडाईचाकडे जाणारा फाटाही इथूनच फुटतो. अशा गावात दवाखाना थाटलेल्या डॉक्टरकडे खोकला-तापाबरोबर रस्त्यावरचे प्रश्नही येतात. त्यांपैकी एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी पडतो : ‘डॉक्टर, पोलिसांनी अडवलं तर मशीनमध्ये फुंकलेलं बरं, की रक्त दिलेलं बरं?’

हा प्रश्न तरुण मुले विचारत असतील असे वाटेल. पण मला तो बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसेच विचारतात. कोणी सकाळ-संध्याकाळ दशमूलारिष्ट घेऊन स्कूटरवर शेतात जातो, त्याला औषधाचा वास येईल अशी धास्ती असते. कोणाला दमा आहे, मशीनमध्ये जोराने फुंकता येईल का, अशी शंका असते. कोणा आईला मुलाची काळजी असते. प्रश्न एकच, पण प्रत्येकाच्या मनातली भीती वेगळी. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक वाटते.

प्रथम या दोन चाचण्या काय मोजतात ते पाहू. प्यालेले मद्य जठरातून आणि मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात उतरते. रक्त फुफ्फुसांत पोचले की त्यातला काही अंश श्वासातल्या हवेत मिसळतो. रक्तातील आणि खोल श्वासातील अल्कोहोलचे प्रमाण साधारण २१०० ला १ असे धरले जाते. म्हणजे एक मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल असते तेवढे सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात सापडते. ब्रेथ ॲनालायझर श्वास मोजतो आणि या गुणोत्तराच्या आधारे रक्ताचा आकडा दाखवतो. अमेरिकेत इंडियाना येथे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली असे उपकरण बनवले आणि रस्त्यावरच्या तपासणीचे स्वरूपच बदलले. श्वासचाचणीला सुई लागत नाही, निकाल मिनिटाभरात मिळतो आणि एका रात्रीत शेकडो वाहनचालक तपासता येतात. करोनाच्या साथीत संसर्गाच्या भयाने अनेक ठिकाणी ही चाचणी थांबवावी लागली, तेव्हा तिची सोय किती मोठी होती हे सर्वांना कळले.

मात्र या यंत्राला एक मर्यादा आहे. ते फुफ्फुसांतून आलेली हवा मोजते, तसेच वाटेत तोंडात रेंगाळलेले अल्कोहोलही मोजू शकते. नुकतेच घेतलेले अरिष्ट, खोकल्याचे काही पातळ औषध, होमिओपॅथीचा अर्क, तोंड धुण्याचे माउथवॉश, दम्याच्या काही पंपांतील द्रव, यांचा अंश काही मिनिटे गालांत, जिभेवर राहतो. तेवढ्या वेळात फुंकले तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा येऊ शकतो. साध्या पाण्याने चूळ भरून पंधरा-वीस मिनिटे काही न खाता-पिता थांबले की हा अंश नाहीसा होतो आणि दुसऱ्या वेळी येणारा आकडा विश्वासार्ह असतो.

रक्तचाचणी प्रत्यक्ष रक्तातलेच अल्कोहोल मोजते. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या पद्धतीने ते इतर द्रव्यांपासून वेगळे करून ओळखले जाते. तोंडात काय रेंगाळले आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. परंतु ती रस्त्यावर होत नाही. नोंदणीकृत डॉक्टर लागतो, नमुना बंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. श्वासचाचणीत यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो. रक्तचाचणीत मात्र नमुना ज्या ज्या हातांतून जातो त्या प्रत्येक हातावर.

आता ‘निवड’ या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे नाकाबंदीवर अशी यादी समोर ठेवली जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये क्रम ठरलेला आहे. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी रास्त संशय असेल तर श्वासचाचणी मागू शकतो. यंत्राने अल्कोहोल दाखवले, किंवा त्या व्यक्तीने फुंकण्यास नकार दिला, किंवा तिला फुंकता आलेच नाही, तर अटकेनंतर कलम २०४ नुसार पोलिसांनी हजर केलेल्या डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना घेतला जातो. म्हणजे रक्त ही श्वासाला पर्याय म्हणून नव्हे, तर त्यानंतरची पायरी म्हणून येते. रास्त कारणाशिवाय चाचणीला नकार दिला तर तो नकारच खटल्यात विरोधात जाऊ शकतो.

याच कायद्यात नागरिकाच्या बाजूच्याही काही गोष्टी आहेत आणि घरच्यांना त्या ठाऊक असाव्यात. या कारणासाठी अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी लागते. न झाल्यास तिला सोडावे लागते. स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तेथे दुसरी स्त्री हजर असली पाहिजे. आणि माणूस रुग्णालयात दाखल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी कळवावे लागते. नमुना घेतल्याने उपचारात बाधा येईल असे त्याचे मत पडले तर तो हरकत घेऊ शकतो. हृदयविकाराच्या वा अपघाताच्या रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाने हे लक्षात ठेवावे.

काही देशांत मात्र खरोखरीच निवड करता येते. कॅलिफोर्नियात अटकेनंतर वाहनचालकाला श्वास किंवा रक्त यांपैकी एक चाचणी निवडता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असा भेद केला, की अटकेनंतर श्वासचाचणीला वॉरंट लागत नाही, पण शरीरात सुई टोचण्यासाठी एरवी वॉरंट हवे. ब्रिटनमध्ये श्वासाचा आकडा मर्यादेच्या थोडाच वर आला, तर त्याऐवजी रक्त किंवा लघवीचा नमुना देण्याची मुभा बरीच वर्षे होती. एप्रिल २०१५ मध्ये ती काढून घेण्यात आली. डॉक्टर येईपर्यंत वेळ जाई, तेवढ्यात अल्कोहोल उतरे आणि दोषी माणूस मर्यादेखाली येई, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. ‘कोणती चाचणी बरी’ या प्रश्नामागे अनेकदा ‘कोणती चाचणी उशिरा होते’ हा प्रश्न दडलेला असतो, हे तिथल्या कायदेकर्त्यांनाही उमगले होते.

आता औषधाकडे. औषधातील अल्कोहोलमुळे माणूस गुन्हेगार ठरेल का, हा प्रश्न आपल्या मुंबईत फार जुना आहे. मे १९५१ मध्ये कुलाब्यात एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे बेहराम खुर्शीद पेसीकाका हे मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. त्यांच्या तोंडाला अल्कोहोलचा वास होता आणि डोळे लालसर होते. पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालता येत होते. आपण ‘बी. जी. फॉस’ नावाचे अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतले होते, असे त्यांनी सांगितले. दारूबंदीच्या गुन्ह्यात उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले; १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. निषिद्ध दारूच प्यायली होती हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे १९५९ साली वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे नियम आले : डॉक्टरने नमुना कसा घ्यावा, कसा बंद करावा, कोणते प्रमाणपत्र द्यावे. नंतरच्या एका मुंबईच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तोंडाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. डॉक्टर म्हणून मला हा विचार फार मोलाचा वाटतो. कारण यांतील प्रत्येक लक्षण दारूशिवायही दिसते.

तथापि ‘औषधामुळे आकडा आला’ या सबबीलाही सीमा आहे. एक ढोबळ हिशेब करू. अरिष्टाच्या बाटलीवर स्वयंनिर्मित अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेले असते, बहुधा ५ ते १० टक्के. ते ८ टक्के धरले तर २० मिलिलिटर मात्रेतून सव्वा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल पोटात जाते. साठ किलो वजनाच्या वृद्ध पुरुषाच्या रक्तात त्याने फार तर साडेतीन-चार मिलिग्रॅमचा आकडा येईल. मर्यादा तीसची आहे. म्हणजे औषध घेतल्याघेतल्या यंत्र फसू शकते, रक्त नाही. याच गृहस्थाने व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा एक पेग घेतला तर आकडा अठ्ठावीसच्या घरात जातो आणि दुसऱ्या पेगने पन्नासच्या पुढे. पन्नास किलोच्या वृद्ध स्त्रीला तर एकच पेग चाळीसपर्यंत नेऊ शकतो. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचा अंश घटतो, म्हणून तेवढ्याच मद्याने वृद्धाच्या रक्तातला आकडा तरुणापेक्षा मोठा होतो. त्यात झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, मज्जातंतूंच्या दुखण्यावरची गोळी यांची भर पडली, तर आकडा मर्यादेत असूनही हातपाय ताब्यात राहत नाहीत. ‘मशीन पास’ झाले म्हणजे गाडी चालवण्यास आपण योग्य आहोत, असे समजू नये.

ज्या घरात मधुमेही वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिसरातील एक निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, एकादशीच्या दिवशी स्कूटरने परतत होते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती. उपास असल्याने जेवण मात्र नव्हते. फाट्यावरच्या नाकाबंदीत त्यांना थांबवले तेव्हा ते स्टँड लावता लावता तोल जाऊन पडले. घाम फुटलेला, बोलणे जड, उत्तरे भलतीच. भोवतीच्या लोकांनी ‘मास्तरसुद्धा पितात’ असा निवाडा देऊनही टाकला. यंत्रात तीनदा फुंकायला लावले, पण पुरेसा श्वास भरेना. कायद्याच्या भाषेत ही ‘चाचणी देता न येणे’ झाली. पुढची पायरी ठाणे आणि रक्त. सुदैवाने त्या तरुण शिपायाचे वडील मधुमेही होते. तोंडाला वास नाही आणि अंग घामाने थबथबले आहे, एवढे त्याने पाहिले आणि आधी गुरुजींना माझ्याकडे आणले.

‘काय व्हयनं, गुरुजी?’ असे मी विचारले, तर त्यांनी माझ्याकडे परक्यासारखे पाहिले. ग्लुकोमीटरवर साखर ४४ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी चष्मा मागितला आणि शिपायाला पाहून ओशाळून हात जोडले. या गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना देखरेखीसाठी धुळ्याला पाठवले. त्या रात्री ते ‘शुद्धीवर येतील सकाळी’ म्हणून बाकावर निजवले गेले असते, तर सकाळ उजाडली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही.

म्हणून श्वास की रक्त, या वादात एक तिसरी चाचणी सर्वांच्या आधी यायला हवी : बोटातून घेतलेला साखरेचा एक थेंब. झिंगल्यासारख्या वाटणाऱ्या वृद्धाची साखर प्रथम पाहावी, मग चेहऱ्याची एक बाजू लोंबते का, एक हात लुळा पडला आहे का, हे पाहावे. साखर उतरणे, पक्षाघात, डोक्याला मार हे सारे दारूचे सोंग घेऊन येतात. उलट दारू प्यायलेल्या माणसालाही ही संकटे गाठतात. किंबहुना उपाशीपोटी घेतलेले मद्य यकृताची साखर तयार करण्याची क्रिया मंदावते आणि मधुमेह्याची साखर आणखी खाली नेते. तोंडाला वास आहे म्हणजे मेंदूत रक्तस्राव नाही, असे मानायला आधार नाही.

ज्यांना दमा किंवा फुफ्फुसांचा जुनाट विकार आहे त्यांनी नाकाबंदीवर संकोच न करता तसे सांगावे. यंत्राला काही सेकंद अखंड श्वास लागतो आणि तो भरता न येणे म्हणजे लबाडी नव्हे. अशा व्यक्तीने ‘मी नकार देत नाही, मला फुंकता येत नाही, माझे रक्त घ्या’ असे शांतपणे म्हणणे हेच योग्य. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तरी रक्त देण्यास भिण्याचे कारण नाही; डॉक्टरला तसे सांगावे आणि टोचलेली जागा पाच-सात मिनिटे दाबून धरावी. रक्त घेताना दोन गोष्टींवर लक्ष असू द्यावे. त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये; अल्कोहोल नसलेले जंतुनाशक वापरावे. आणि नमुना सोडियम फ्लोराइड घातलेल्या कुपीत घ्यावा, समोर सील करावा, थंड ठेवावा. फ्लोराइड नसेल आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात कुपी तशीच पडून राहिली, तर रक्तातल्या साखरेवर जंतू वाढून नमुन्यातच अल्कोहोल तयार होण्याचा संभव असतो. मधुमेह्याच्या रक्तात साखर अधिक, म्हणून संभवही अधिक.

रक्तचाचणी विज्ञानाच्या दृष्टीने श्रेष्ठ असली तरी तिची खरी परीक्षा माणसांच्या हातात होते, हे महाराष्ट्राने तीनदा ठळकपणे पाहिले आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथाशी झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. तो पुरावा टिकला आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्याच्या आधीच्या, सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातीलच अपघातात अभिनेते सलमान खान यांच्या रक्ताच्या अहवालात ६२ मिलिग्रॅमचा आकडा होता. पण नमुना घेणे, जपणे आणि पोचवणे यांतील त्रुटींविषयी शंका उभ्या राहिल्या आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. त्याच्याकडून दुसरा नमुना घेण्यात आला होता. त्याच्याशी डीएनए ताडून पाहिल्यामुळे संशय बळावला, असे पोलिसांचे म्हणणे आहे.

या तिन्ही प्रकरणांकडे मी कायद्याचा जाणकार म्हणून पाहत नाही. रक्त काढणारा माणूस म्हणून पाहतो. कुपीवर नाव, वेळ, प्रमाण लिहिणे, सील लावणे, नोंदवहीत सही घेणे ही कामे रात्री दोन वाजता कंटाळवाणी वाटतात. पण निर्दोष मास्तरांची अब्रू आणि पदपथावर चिरडलेल्या मजुराचा न्याय, दोन्ही त्याच कुपीत असतात. नमुना घेताना नातेवाइकांनी आपल्यासमोर सील लावण्याचा आग्रह धरला तर डॉक्टरने राग मानू नये, आणि नातेवाइकांनीही डॉक्टरवर ‘जरा सांभाळून घ्या’ असे ओझे टाकू नये.

आता आईच्या प्रश्नाकडे. एका गृहस्थांचे आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस असते. मुलगा पहाटे उठून त्यांना मोटारीने नेतो. मुलगा कष्टाळू, बापावर जीव लावणारा. एका लग्नाच्या रात्री उशिरापर्यंत मित्रांत बसला आणि सकाळी साडेसहाला वडिलांना घेऊन निघाला. वाटेत अडवले, यंत्राने ६८ दाखवले. तो पुनःपुन्हा म्हणत होता, ‘रात्री घेतली होती, आता घेतलेली नाही.’ आणि ते खरे होते. वडील मोटारीत बसून राहिले. गावातून दुसऱ्या कोणाला बोलावून त्यांना नेईपर्यंत डायलिसिसची पाळी टळली आणि त्या दिवशी चार तास धाप घेऊन त्यांना थांबावे लागले. त्यांच्या पत्नीने मला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, त्याने रक्त द्यायचा हट्ट धरला असता तर सुटला असता का हो?’

‘ताई, रक्तानेही तेच सांगितले असते,’ असे मी म्हटले आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. यकृत अल्कोहोल आपल्याच गतीने जाळते. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, कोणाचे दहा, कोणाचे वीस. मध्यरात्री रक्तात १५० असतील तर सकाळी सहाला साठ उरतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. कडक चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी काढणे, यांतल्या कशानेही ही गती वाढत नाही. माणूस जागा वाटतो, रक्त तसेच राहते. रक्ताचा हट्ट धरून तास-दीड तास मिळाला असता तर आकडा वीसेक मिलिग्रॅमने उतरला असता, तरी तो चाळीस-पन्नासच्या खाली गेला नसता. आणि एखाद्या वेळी गेला असता, तरी मागल्या सीटवर बसलेल्या वडिलांच्या जिवाचा धोका त्या दीड तासाआधी होता तेवढाच होता. बाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे लग्नाच्या रात्री गाडी दुसऱ्या कोणाची सांगून ठेवायची.’ इतके नेमके उत्तर मला सुचले नव्हते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. ज्याने मद्य घेतलेले नाही त्याने दोन्ही चाचण्यांना निर्धास्तपणे सामोरे जावे. नुकतेच औषध घेतले असेल तर ते आधीच सांगावे, चूळ भरावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकण्याची विनंती करावी. तरीही यंत्राचा आकडा पटला नाही तर रक्तचाचणी मागावी, कारण ती त्याच्या बाजूने बोलेल. ज्याला दम लागतो त्याच्यासाठी रक्तच योग्य. आणि ज्याने मद्य घेतले आहे त्याच्यासाठी बरी अशी चाचणी नाही. पहिलीत नाही, दुसरीत नाही, उशिरा केलेल्या कोणत्याही चाचणीत नाही.

घरच्यांनी आजच करता येण्यासारखे एक काम आहे. वृद्धांच्या पाकिटात एक लहान कागद ठेवावा : नाव, आजार, चालू औषधे व त्यांच्या वेळा, मधुमेह असल्यास ‘बोलणे अडखळल्यास प्रथम साखर तपासा’ ही ओळ, आणि घरचा दूरध्वनी क्रमांक. सोबत ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर असावी. अरिष्ट, आसव, खोकल्याचे पातळ औषध गाडीवर निघण्याच्या तोंडावर न घेता जेवणानंतर, घरी असताना घ्यावे. आणि डायलिसिस, तपासणी, शस्त्रक्रिया यांसाठी पहाटे कोणाला नेणारा-आणणारा ठरवायचा असेल, तर आदल्या रात्री त्याच्या घरी कार्य आहे का, हे आधी विचारून घ्यावे.